घरास कुलूप नव्हते

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आमचे बाबा ती एकोणतीस वर्षं रोज चढले आणि रोज उतरले, तरी त्यांना कुणी वेडं म्हटलं नाही. ती वेळ आली ती निवृत्तीला आठ महिने उरले असताना.

बाबा बेलिफ होते. न्यायाधीश खुर्चीत बसून निकाल देतात आणि घरी जातात. तो निकाल कागदावरून उचलून लोकांच्या दारात नेऊन ठेवायचं काम बेलिफाचं. समन्स, नोटीस, जप्ती ही झाली रोजची कामं. सगळ्यात वाईट म्हणजे ताबा वॉरंट. भाडेकरू खटला हरला, मुदत संपली, तरी जागा सोडत नाही, की बेलिफाने जायचं, सामानासकट त्याला बाहेर काढायचं आणि रिकामी खोली मालकाच्या ताब्यात द्यायची. लोक न्यायाधीशाला शिव्या देत नाहीत, कारण तो समोर नसतो. समोर बेलिफ असतो.

बाबांनी त्या शिव्या कधी घरी आणल्या नाहीत. ते घरी आणायचे ती शिस्त. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी ते लाल दिव्यापुढे उभे राहायचे, आणि त्यांच्याबरोबर आम्हीही. आई वैतागून म्हणायची, "अहो, चला आता. दिव्याला काही वाईट वाटणार नाही." बाबा हलत नसत. पाणीपट्टीचा कागद आला की त्याच दिवशी भरायचा. लायब्ररीचं पुस्तक एक दिवस उशिरा परत गेलं, तर दंड कुणी मागितला नाही तरी मागून मागून भरायचा. कोर्टातले लोक त्यांना 'हुकमाचा एक्का' म्हणत, आणि त्यात कौतुक किती आणि चेष्टा किती हे मला कधी कळलं नाही. बाबांना कळलं असावं, पण ते दोन्हीला सारखंच हसायचे.

याचं मूळ त्यांच्या श्रद्धेत होतं. जगात जो अधिकार आहे तो देवाच्या परवानगीने आहे, म्हणून अधिकाऱ्यांच्या अधीन राहावं, आणि तेही भीतीपोटी नव्हे तर मनापासून, हे त्यांना त्यांच्या आईने शिकवलं होतं. रोज जेवणाआधी ते डोळे मिटून अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करायचे. देशाच्या प्रमुखापासून सुरुवात व्हायची, मग न्यायाधीश, मग पोलीसप्रमुख, आणि नळाला पाणी आलं नाही की पाणीखात्याचा इंजिनियरसुद्धा. सूप निवून जायचं. आई 'आमेन'ची वाट बघत एका हाताने पातेल्यावर झाकण ठेवायची. एकदा निवडणूक झाली, मला अजिबात न आवडणारा माणूस निवडून आला, आणि त्या संध्याकाळी बाबांनी प्रार्थनेत फक्त नाव बदललं. बाकी शब्द तेच.

"ज्याला तुम्ही मतही दिलं नाही त्याच्यासाठी कसली प्रार्थना?" मी विचारलं.

"त्यालाच जास्त गरज आहे," बाबा म्हणाले. "जेव."

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते, शाळेत गणित शिकवत होते, आणि सिद्ध केल्याशिवाय काही मानायचं नाही असं माझं चाललं होतं. मी त्यांच्यावर जीव टाकायचे आणि आठवड्यातून दोनदा त्यांच्याशी भांडायचे. "बाबा, तुमचा देव आणि तुमचा न्यायाधीश नेहमी एकाच बाजूला कसे काय असतात?" हा माझा ठेवणीतला प्रश्न. त्यावर त्यांचं उत्तर एकच असायचं, की बाळ, मी लहान माणूस आहे. मला ते उत्तर बोटचेपं वाटायचं. खरं सांगायचं तर अजूनही वाटतं.

पण त्यांची काम करायची एक पद्धत होती, आणि ती मला आवडायची. आमच्याकडे रद्दी कधी विकली गेली नाही. जुनी वर्तमानपत्रं बाबा कपाटाखाली रचून ठेवायचे आणि ताब्याचं काम असलं की सुतळीने बांधून एक गठ्ठा बरोबर न्यायचे. मालक मजूर घेऊन येतो, आणि मजुरांना घाई असते. ते कपाट उचलतात ते आतल्या काचेसकट, आणि मग जिन्यावर खळ्ळकन आवाज होतो. म्हणून दारात बूट काढून बाबा आत जायचे आणि काचेची भांडी, कपबश्या, भिंतीवरचे फोटो स्वतःच्या हाताने कागदात गुंडाळायचे. वॉरंटात असं काही करायला सांगितलेलं नसतं. नाझर, म्हणजे बेलिफांचे साहेब, ओरडायचे की तासाच्या कामाला तीन तास लावतोस. "हुकूम बजावलाच ना?" एवढंच बाबा म्हणायचे. एकही कप फुटला नाही की त्यांना बरं वाटायचं, आणि ते बरं वाटणं रात्रीच्या झोपेला पुरायचं.

आठ महिने उरले असताना जे वॉरंट आलं ते रफूवाल्या आजींच्या खोलीचं. तिसऱ्या मजल्यावरची एक खोली आणि आत छोटं स्वयंपाकघर. आजी पन्नास वर्षं तिथे खिडकीशी बसून रफू करत होत्या. कोटाच्या आतल्या शिवणीतून त्याच कापडाचा धागा काढायचा आणि बाहेरचं भोक असं भरायचं की कोटाच्या मालकालाही जागा सापडू नये, अशी त्यांची ख्याती. नंतर डोळे अधू झाले, मग हृदयाने त्रास द्यायला सुरुवात केली. खटला त्या रीतसर हरल्या होत्या. घरमालकाच्या कुटुंबाला जागा हवी होती, कागद त्याच्या बाजूने होते, निकालात काही खोट नव्हती. हे मी मुद्दाम सांगते, कारण मला नंतर कितीही शोधून यात खलनायक सापडला नाही.

त्या दिवशी काय झालं ते बाबांनी आम्हाला तुकड्या-तुकड्याने सांगितलं. काही शेजारणीने सांगितलं, काही मी जोडलं.

सकाळी साडेअकराला बाबा, घरमालक आणि चार मजूर तिसऱ्या मजल्यावर पोचले. दार नुसतं लोटलेलं होतं. बाबांनी बूट काढले. आजी पलंगावर तीन उशांना टेकून बसल्या होत्या, कारण आडवं झालं की त्यांना श्वास पुरायचा नाही. पलंगाजवळच्या स्टुलावर डॉक्टरची चिठ्ठी होती. तीन जिने उतरवले तर जीव जाईल, अशा अर्थाचं काहीतरी डॉक्टरने घाईच्या अक्षरात लिहिलं होतं. चिठ्ठी वकिलाकडे पोचली नव्हती, कारण वकिलाचे पैसे संपल्यावर तो फोन उचलत नव्हता.

"आजी, मी कोर्टातून आलोय," बाबा म्हणाले. "आज खोली खाली करायची आहे."

"हो रे, माहीत आहे मला. पत्र आलं होतं," आजी म्हणाल्या. "कर तू तुझं काम."

बाबांनी गठ्ठ्याची सुतळी सोडली. फळीवरचे दोन पेले गुंडाळले. एक काचेची बरणी गुंडाळली. मग एका निळ्या कपाकडे हात गेला, तशा आजी पलंगावरून म्हणाल्या, "तेवढा राहू दे बरं का. पाच वाजता गोळी असते माझी, चहाबरोबर."

"पाच वाजता तुम्ही कुठे असाल, आजी?"

"कुठे म्हणजे? इथेच की. मी कुठे जाणार आता?"

त्यांना सगळं कळत होतं, पत्र वाचलेलं होतं, खोली जाणार हे ठाऊक होतं, आणि तरी पाच वाजताचा चहा त्या त्याच खिडकीशी घेणार होत्या. या दोन गोष्टी त्यांच्या डोक्यात शेजारी-शेजारी बसल्या होत्या, एकमेकींशी न बोलता. दारात उभी असलेली शेजारीण बाबांना खुणेने सांगत होती की यांचं कुणी नाही, भाचा होता तोही फिरकत नाही.

बाबांनी कप फळीवर ठेवला. मग बरणीवरचा कागद काढला. मग पेल्यांवरचे कागद काढले, हाताने सपाट केले, घडी घातली आणि गठ्ठा पुन्हा बांधला. डॉक्टरची चिठ्ठी आजींना विचारून खिशात घातली. मजूर बघत राहिले. एकाने विचारलं, "साहेब, उलटं काय करताय?"

बाबा बाहेर आले तेव्हा घरमालक जिन्याच्या पायरीवर डोकं धरून बसला होता. गुबगुबीत, घाबरट माणूस. त्यानेही आत डोकावून पाहिलं होतं. "बेलिफसाहेब, कुलूप होतं असं लिहा," तो म्हणाला. "मी पण खाली सही करतो. महिन्याने पुढचं वॉरंट निघेल, तोवर कदाचित..." पुढचं त्याने गिळलं. "मी स्वतः मुदत मागितली तर माझा थोरला भाऊ मला कच्चा खाईल. कुलूप होतं म्हटलं की कुणाचंच काही जात नाही."

यात नवीन काही नव्हतं. 'घरास कुलूप आढळले, सबब बजावणी झाली नाही.' हे वाक्य कोर्टात इतक्या अहवालांत असतं की नाझरांनी त्याचा रबरी शिक्काच करून घ्यावा असं लोक गमतीने म्हणत. कुणी पैसे घेऊन लिहितं, कुणी दया येऊन लिहितं, कुणी ऊन फार आहे म्हणून लिहितं. बाबांनी एकोणतीस वर्षांत ते एकदाच लिहिलं होतं, जेव्हा खरंच कुलूप होतं.

ते परतले तेव्हा नाझरांच्या कानावर सगळं आधीच गेलं होतं. "एक्क्या," नाझर म्हणाले, आणि ते वाईट माणूस नव्हते, "आठ महिने राहिलेत तुझे. कुलूप लिही आणि घरी जा. म्हातारीला महिना मिळेल, मालक खूश, तू खूश. अहवाल उद्या अकरापर्यंत दे. आणि शहाणपणा करू नकोस."

संध्याकाळी आमच्याकडे जे झालं त्याला भांडण म्हणता येणार नाही, कारण भांडायला दोघं लागतात आणि बाबा गप्प होते. मी एकटीच बोलत होते. आधी तर मला आनंदाने नाचावंसं वाटलं, कारण एकोणतीस वर्षांनी का होईना, माझ्या बापाने एक हुकूम मोडला होता. मी उठून त्यांच्या गळ्यात पडले. मग ते म्हणाले, "कुलूप नाही लिहिणार मी," आणि माझे हात सुटले.

"म्हणजे काय लिहिणार?"

"काय झालं ते."

मला कळायला क्षणभर लागला. खरं लिहिलं की बाबांवर कारवाई होणार हे तर होतंच. नोकरी गेली तर निवृत्तिवेतनाचं काय, हा प्रश्न आईच्या चेहऱ्यावर लिहिलेला दिसत होता. पण त्याहून वाईट दुसरंच होतं. खरं लिहिलं की परवा दुसरा बेलिफ जाणार, बरोबर पोलीस जाणार, आणि आजींना स्ट्रेचरवर घालून खाली आणणार. खोटं लिहिलं तर त्यांना महिना मिळत होता. गणित इतकं सोपं होतं की माझ्या सहावीच्या वर्गानेही सोडवलं असतं.

"म्हणजे तुमची सचोटी तिच्या जिवावर," मी म्हणाले. "तुम्ही स्वच्छ राहायचं आणि मरायचं तिने. वा! हा कुठला धर्म?"

आई म्हणाली, "अगं, हळू."

"हळू काय? यांना खोटं बोलायची भीती वाटते, आणि त्याला हे देवभीरूपणा म्हणतात!"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. "तू म्हणतेस त्यात चूक असेल असं मला वाटत नाही," ते म्हणाले आणि टोपी घालून बाहेर पडले. ते कुठे जाणार हे मला माहीत होतं, म्हणून मीही चप्पल घालून मागे निघाले. रागात असले तरी त्यांना एकटं सोडवेना. चौकात ते लाल दिव्यापुढे थांबले, आणि मी त्यांच्यापासून चार पावलं मागे, दात ओठ खात, थांबले.

आमचे पाळकसाहेब चर्चमध्ये एका बाकाचा निसटलेला पाय ठोकत होते. तोंडात खिळे होते. बाबांनी सगळं सांगितलं. पाळकसाहेबांनी खिळे काढून हातात घेतले.

"शास्त्रात त्या सुइणी आहेत बघ," ते म्हणाले. "राजाने सांगितलं, मुलगे जन्मले की मारा. त्यांनी मारले नाहीत. राजाने विचारलं तेव्हा सरळ थाप मारली, की आम्ही पोचायच्या आतच बायका बाळंत होतात. आणि देवाने त्यांना शिक्षा केली नाही. भलं केलं त्यांचं."

मी मागच्या बाकावरून मोठ्याने म्हणाले, "ऐका!"

बाबा म्हणाले, "पाळकसाहेब, सुइणी राजाच्या पगारावर नव्हत्या."

पाळकसाहेबांना हसू आलं. मलाही आलं, आणि मला ते यायला नको होतं.

"थट्टा नाही," बाबा म्हणाले. "तो राजा वाईट होता. त्याला खरं सांगून उपयोग नव्हता. आमच्या न्यायाधीशबाई वाईट आहेत हे मला कुठे माहीत आहे? त्यांनी कागद पाहिला, कागदावर निकाल दिला. ती खोली त्यांनी पाहिलेलीच नाही. मी पाहिली. त्यांच्या वतीने पाहायलाच मला पाठवतात. मी कुलूप लिहिलं, तर त्या वाईट आहेत असं मी आधीच ठरवून टाकलं."

"आणि त्या खरंच वाईट निघाल्या तर?" पाळकसाहेबांनी विचारलं.

बाबांनी बाकाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली. तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की हा माणूस घाबरलेला आहे, आणि कारवाईला नाही. त्यांना भीती वाटत होती ती माझंच गणित बरोबर निघण्याची. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्यांची गत झाली होती. पाळकसाहेबांनी कसलाही उपदेश न करता त्यांच्या हातावर हात ठेवला, आणि नंतर आम्ही तिघांनी मिळून बाकाचा पाय ठोकला, कारण तो तसाच ठेवून जाणं कुणालाच बरं वाटेना.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि त्यांच्याबरोबर कोर्टात गेले. अहवाल त्यांनी सकाळीच लिहिला होता. मी तो बसमध्ये वाचला. 'घरास कुलूप नव्हते. घरात एक वृद्ध महिला पलंगावर आजारी होती. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत जोडली आहे. मालक हजर होते. मजूर हजर होते. बजावणीस कोणीही अडथळा केला नाही. मी बजावणी केली नाही.' खाली सही.

"कोणीही अडथळा केला नाही, हे कशाला?" मी कळवळून म्हणाले. "निदान आजारपणाचा अडथळा म्हणा!"

"आजारपण लिहिलंय. पण मला कुणी अडवलं नाही, बाळ. मीच थांबलो."

नाझरांनी अहवाल वाचला, कपाळावर हात मारला आणि तो मुकाट्याने आत पाठवला. अर्ध्या तासात बोलावणं आलं. मी दालनाच्या मागच्या भिंतीशी उभी राहिले. न्यायाधीशबाई चाळिशीच्या होत्या, चष्मा डोक्यावर सरकवलेला, समोर फायलींची चळत. त्यांनी अहवाल दोनदा वाचला असावा, कारण बराच वेळ मान वर झाली नाही.

"तुम्ही कुलूप आढळलं असं लिहिलं असतं, तर मी सही करून पुढची तारीख दिली असती," त्या म्हणाल्या. "हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो, मॅडम."

"मग?"

"मग तुम्हाला कळलं नसतं, आत कोण आहे ते."

"आता कळलं, तर मला तुमच्यावर कारवाई करावी लागणार. कोर्टाचा हुकूम तुम्ही जाणूनबुजून बजावला नाहीत."

"हो, मॅडम. करावीच लागेल. मी तक्रार करणार नाही."

बाईंनी चष्मा खाली ओढून त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग बाजूची एक जुनी फाईल उघडली. बाबांचीच असणार. "एकोणतीस वर्षं," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज मऊ झाला. त्यांना बाबांना मदत करायची होती हे मला भिंतीपाशीसुद्धा कळलं. "एकोणतीस वर्षांत हुकूम मोडल्याची एकही नोंद नाही. शेकडो ताबे दिलेत तुम्ही. एकाही वेळी थांबला नाहीत. ही पहिलीच वेळ. हे मी तुमच्या बाजूने लिहू शकते."

मला वाटलं, संपलं, आता बाबा आभार मानतील आणि निघतील. पण ते तसेच उभे राहिले, हातात टोपी, आणि मी आयुष्यात कधी ऐकला नव्हता अशा आवाजात म्हणाले, "ते माझ्या बाजूने लिहू नका, मॅडम. आधीच्या घरांतही माणसं होती."

टंकलेखकाचे हात यंत्रावर तसेच राहिले. मी भिंतीला टेकून रडत होते, आणि का ते मला नीट सांगता आलं नसतं. मी वर्षानुवर्षं त्यांना जे ऐकवत होते ते त्यांनी स्वतःच, माझ्यापेक्षा कितीतरी कमी शब्दांत, भर कोर्टात कबूल केलं होतं, आणि मला जिंकल्यासारखं मुळीच वाटत नव्हतं. त्यांना हाताला धरून घरी न्यावं, एवढंच वाटत होतं.

न्यायाधीशबाईंनी त्याच दिवशी दोन आदेश काढले. मालकाला आणि आजींच्या वकिलाला दुपारी बोलावून घेतलं, डॉक्टरला फोन केला, आणि ताबा थांबवला: आजींची प्रकृती अशी आहे तोवर बजावणी होणार नाही. मालकाने विरोध केला नाही. थोरल्या भावाला दाखवायला त्याच्या हातात आता कोर्टाचा कागद होता, आणि तो इतका हलका झाला की जाताना बाबांना जिन्यात नमस्कार करून गेला. दुसरा आदेश बाबांचा. एक वेतनवाढ रोखली, बेलिफाचं काम काढून घेतलं, आणि उरलेले आठ महिने तळघरातल्या दफ्तरखान्यात जुन्या फायली लावायचं काम दिलं. बाबांनी सही करून आदेश घेतला आणि "बरोबर आहे" म्हणाले. ते मनापासून म्हणाले, याचा मला तेव्हा राग आला होता. त्या रात्री जेवणाआधी प्रार्थनेत न्यायाधीशबाईंचं नाव नेहमीच्या जागी आलं, आणि मी पहिल्यांदा 'आमेन' त्यांच्याबरोबर म्हटलं.

आजी आणखी सहा आठवडे जगल्या. आपल्या पलंगावर गेल्या. कुलूप लिहून जो महिना मिळाला असता त्याहून दोनच आठवडे जास्त. मी ते गणित केलं आणि कुणाला सांगितलं नाही.

दफ्तरखान्यात बाबांच्या हाताला त्यांचेच जुने अहवाल लागायला लागले. निवृत्त झाल्यावर त्यांनी त्यांतले पत्ते एका वहीत उतरवून आणल्याचं आम्हाला कळलं. रविवारी उपासना झाली की ते निघायचे. ज्या घरातून कुणाला काढलं होतं तिथे जाऊन शेजाऱ्यांना विचारायचे, ते लोक आता कुठे असतात? बऱ्याच ठिकाणी कुणाला माहीत नसायचं. काही माणसं वारली होती. आई म्हणाली, "अहो, कशाला जुन्या जखमा उकरताय?" पण तिनेच त्यांच्या खिशात रुमाल आणि गोळ्या ठेवल्या.

पहिल्यांदा एक पत्ता खरोखर लागला तेव्हा मी बरोबर होते. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, एका इमारतीच्या तळमजल्यावर. साठीच्या बाईंनी दार उघडलं. बाबा त्या दिवशी साध्या कपड्यांत होते, हातात काही नव्हतं. पण बाईंनी त्यांना एका क्षणात ओळखलं. त्यांचा हात आपोआप दाराच्या कडीवर गेला.

"आता काय न्यायला आलात?" त्या म्हणाल्या.

"काही नाही," बाबा म्हणाले. "तिथून निघून तुम्ही कुठे गेलात, ते विचारायला आलोय. तेव्हा विचारलं नाही मी."

बाईंनी आम्हाला आत बोलावलं नाही. मग दाराच्या चौकटीला टेकून त्यांनी सांगायला सुरुवात केली. आधी बहिणीकडे, चार महिने. मग बहिणीच्या नवऱ्याने नको म्हटल्यावर एका गोदामाच्या मागच्या खोलीत. तिथे धाकट्याला खोकला लागला, मग दुसरीकडे, मग आणखी दुसरीकडे. एकेक खोली त्या सांगत होत्या, किती खिडक्या, पाणी कुठून आणायचं, कोण आजारी पडलं. बाबांनी टोपी काढून हातात घेतली होती. बाईंचं सांगून होईपर्यंत ते उंबऱ्याबाहेर उभं राहून ऐकत राहिले.